काका, पुतणे आणि अटक

परदेशी मालिकांचे वेड आता शहरांपुरते राहिलेले नाही. परतूर तालुक्यातील आमच्या आष्टीसारख्या गावीही रात्रीची जेवणे आटोपली की घरातील दोन-चार तरुण डोकी एखाद्या वीतभर पडद्यावर वाकलेली दिसतात, आणि चौकशी केली असता कळते की, हजार-बाराशे वर्षांपूर्वी उत्तर युरोपातून जहाजे घेऊन निघणाऱ्या दर्यावर्दी लुटारूंची कथा चालली आहे. २०१३ पासून २०२० पर्यंत चाललेली ‘वायकिंग्ज’ ही ती मालिका. पश्चिमेकडे काय आहे या एकाच प्रश्नाने झपाटलेला राग्नार नावाचा शेतकरी. ढाल घेऊन रणात उभी राहणारी त्याची पत्नी लागर्था. त्याची जहाजे बांधणारा विक्षिप्त मित्र फ्लोकी. आणि भावाच्या सावलीत वावरून त्या सावलीलाच कंटाळलेला रोलो. या पात्रांपासून आपण काय शिकावे यावर तरुण मंडळींत गंभीरपणे चर्चा होते. राग्नारपासून जिज्ञासा घ्यावी, लागर्थेपासून स्वाभिमान, फ्लोकीपासून कारागिरी, असा एकंदर हिशेब असतो. वडील मंडळी यावर नाक मुरडतात. आम्हास मात्र त्यात नाक मुरडण्यासारखे काही दिसत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी कीर्तनातील धर्मराजापासून आणि दुर्योधनापासून हेच केले. पात्रे बदलली, सवय तीच आहे.

आमची शंका निराळी आहे. ज्या घरात दळण कोणी आणावयाचे यावरून दोन जावांत आठ-आठ दिवस अबोला राहतो, त्या घरातील तरुणाने समुद्र ओलांडण्याची जिद्द शिकून ती नेमकी कोठे वापरावी? त्या मालिकेतील जे पात्र आमच्या घरांत खरोखर वावरते ते राग्नार नव्हे. ते रोलो होय. आणि गंमत अशी की, इतिहासात हे दोघे भाऊ नव्हतेच. राग्नार हा बराचसा दंतकथेतील पुरुष. रोलो मात्र खरा. ९११ साली फ्रँकांच्या राजाकडून सेन नदीच्या मुखाकडील मुलूख त्याने मिळवला आणि त्या मुलखास पुढे नॉर्मंडी हे नाव पडले. मालिकाकाराने दोघांस एका आईच्या पोटी घातले, कारण भाऊबंदकीवाचून कथा सात-सात वर्षे चालत नाही हे त्यास पक्के ठाऊक असावे. आम्हास ती अशी बनवून घेण्याचे कारण नाही. आमची भाऊबंदकी दप्तरांत तारीखवार लिहून ठेवलेली आहे.

मराठी नाटककारांनी हे फार पूर्वी ओळखले होते. विनायक जनार्दन कीर्तने यांनी १८६१ साली नाटक लिहिले ते थोरल्या माधवराव पेशव्यांवर. खाडिलकरांनी १९०९ मध्ये पेशव्यांच्या घरातील कलहावर नाटक लिहून त्याचे नावच ‘भाऊबंदकी’ ठेवले. १९४४ साली प्रभात कंपनीचा ‘रामशास्त्री’ आला; त्यात रामशास्त्र्यांचे काम गजानन जागीरदारांनी केले. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ ची. आणि त्याच कादंबरीवरून दूरदर्शनने १९८७ च्या सुमारास जी मालिका दाखवली तिचे दिग्दर्शन याच जागीरदारांचे होते. रवींद्र मंकणी माधवराव झाले होते आणि मृणाल देव रमाबाई. त्या काळी खेड्यात ज्याच्या घरी दूरचित्रवाणीचा संच असे त्याच्या ओसरीवर आठवड्यातून एकदा अर्धी आळी जमत असे, आणि थेऊरचा प्रसंग आला तेव्हा पुरुषांनीही डोळ्यांस उपरणे लावले, हे त्या पिढीस अजून स्मरत असेल.

आता या मालिकेपासून आपण काय घेतले? बहुतेकांनी एवढेच घेतले की, माधवराव सद्गुणी, राघोबादादा दुष्ट, गोपिकाबाई खाष्ट, आनंदीबाई त्याहून वाईट. असा निकाल दिला की प्रेक्षकास फार बरे वाटते, कारण प्रत्येक घरात प्रत्येकजण स्वतःस माधवरावच समजत असतो. पुतण्या तर समजतोच. पण काकाही समजतो! म्हणून पात्रे पुन्हा एकदा नीट पाहावी असे वाटते. आणि ती आमच्या गोदाकाठावरून पाहिली म्हणजे थोडी निराळी दिसतात.

‘आष्टी’ म्हटले की इतिहासाच्या वाचकास सोलापूरकडील आष्टी आठवते. तेथे २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले पडले. चळवळीच्या वाचकास वर्ध्याकडील आष्टी आठवते, १९४२ ची. बीड जिल्ह्यातील आष्टी तर तालुक्याचे गाव. आमच्या आष्टीच्या वाट्यास अशी एकही लढाई आली नाही. परंतु आमच्या दक्षिणेस जी गोदावरी वाहते, तिच्याच काठी, वरच्या अंगास, गेवराई तालुक्यात राक्षसभुवन आहे. शनीच्या दर्शनास आमच्याकडून लोक तेथे नेहमी जातात. त्याच वाळवंटात १० ऑगस्ट १७६३ रोजी काका-पुतण्याच्या कथेतील सर्वांत मोठा दिवस उगवला होता, ही गोष्ट दर्शनास जाणाऱ्या शंभरांत दहांस तरी ठाऊक असेल की नाही कोण जाणे. दुसरे असे की, आमचा हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. पुण्याच्या घरांस पेशवाई ही आपल्या वाड्यातील गोष्ट वाटते; आमच्या घरांस ती नदीच्या पलीकडील गोष्ट आहे. त्यामुळे आम्हास दोन्ही बाजूंकडे जरा शांतपणे पाहता येते असा आमचा समज आहे.

प्रथम काकांकडे पाहू. पानिपतचा घात १४ जानेवारी १७६१ चा. त्यात थोरला मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले. त्या धक्क्याने नानासाहेब पेशवे जूनमध्ये पर्वतीवर वारले. गादीवर बसले ते सोळा वर्षांचे माधवराव. आणि घरात वडील पुरुष उरला तो एकच, रघुनाथराव. याच रघुनाथरावांच्या स्वारीत १७५८ साली लाहोर हाती आले आणि मराठ्यांची घोडी अटकेस पाणी प्याली. आता कल्पना करावी: ज्याच्या नावाने ‘अटकेपार झेंडे’ ही म्हण भाषेत रुजली, त्याने मिसरूडही न फुटलेल्या पुतण्यासमोर बसून जमाखर्चाचे कागद ऐकावयाचे! दादासाहेबांचा राग अन्यायाचा होता असे म्हणता येते, पण तो निष्कारण होता असे कोणासही म्हणता येणार नाही.

आमच्या घराघरांतून असे दादासाहेब आहेत. त्यांनी अटक घेतली नसेल, पण विहीर खणली आहे. दुष्काळाच्या वर्षी बैल न विकता टिकवून धरले आहेत. थोरल्या भावाच्या माघारी त्याच्या मुलांस औरंगाबादेस ठेवून शिकवले आहे. प्रत्येक काकांच्या गाठी एक तरी अटक असतेच. मग ज्यास शिकवले तो पुतण्या पदवी घेऊन येतो आणि पहिल्याच आठवड्यात विचारतो, “काका, सोसायटीचे कर्ज एवढे कसे झाले?” प्रश्न योग्य असतो. दादासाहेबांची ती दिग्विजयी स्वारीही उत्पन्नाऐवजी कर्ज घेऊनच परतली होती आणि त्याबद्दल घरात बोलणे झाले होते. परंतु योग्य प्रश्न विचारताना अटकेचा उल्लेख आधी करावयाचा असतो, हे पदवीच्या परीक्षेस नसते.

दादासाहेबांचा खरा दोष शौर्यात किंवा मनाच्या दुष्टपणात शोधू नये. तो कानात होता. शेवटी जो समोर येऊन बसेल त्याचे खरे, असा त्यांचा स्वभाव होता. चिडलेल्या मोठ्या माणसाभोवती अशी शेवटी येऊन बसणारी मंडळी नेहमीच जमते. १७६२ च्या पावसाळ्यानंतर घरातील वाद रणांगणावर गेला. काकांनी पुतण्याविरुद्ध मदत घेतली ती कोणाची, तर निजामाची. वाटणीच्या भांडणात ज्याच्याशी पिढ्यान्पिढ्या बांधाचा तंटा त्याच्याच वकिलाकडे जाऊन बसणारे आपण पाहतोच.

घोड नदीच्या बाजूस लढाई झाली, पुतण्याची पीछेहाट झाली, आणि १२ नोव्हेंबर १७६२ रोजी आळेगाव येथे माधवराव स्वतः होऊन काकांच्या स्वाधीन झाले. पळून जाऊन दुसऱ्या सरदारांच्या आश्रयाने भांडण चालू ठेवणे त्यांस अशक्य नव्हते. पण तसे केल्यास घर दुभंगते आणि दुभंगलेल्या घराचे दोन्ही तुकडे निजाम गिळतो, हे सतराव्या वर्षी त्या मुलाने ओळखले. त्याने मान वाकवली. पेशवेपद नावाचे उरले आणि काकांच्या पहाऱ्यात राहावे लागले. हा त्याग अनेकांस ठाऊक आहे आणि मालिकेतही तो उत्तम साधला होता. परंतु त्यापुढील आठ-नऊ महिन्यांकडे प्रेक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. त्या काळात दादासाहेबांनी जुने हिशेब चुकते करण्यास आरंभ केला. पुतण्याच्या बाजूचे म्हणून गोपाळराव पटवर्धनांवर चालून जाऊन त्यांनी मिरज घेतली. गोपाळराव उठले आणि निजामास जाऊन मिळाले! काल ज्या निजामाची मदत काकांनी घेतली, त्याच्याकडे आज काकांनीच दुखवलेला घरचा माणूस गेला. निजामाने संधी साधली. १७६३ च्या उन्हाळ्यात त्याच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले.

तेव्हा मात्र काका-पुतणे एका छावणीत होते. ते निजामाच्या मुलखात शिरले, लूट केली, खंडणी घेतली, आणि पावसाळ्यात त्याच्या पाठोपाठ गोदाकाठी आले. निजामअली आपल्या काही फौजेनिशी नदी ओलांडून उत्तर तीरावर, म्हणजे आमच्या बाजूस, उतरला होता. बाकीची फौज घेऊन त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिण तीरावर होता. मध्ये श्रावणाचा पूर. निजामाच्या बाजूने आलेले नागपूरकर जानोजी भोसले ऐन वेळी पेशव्यांकडे वळले होते. लढाई जुंपली आणि दादासाहेबांचा हत्ती शत्रूच्या गराड्यात सापडला. त्या वेळी राखीव फौज घेऊन जो धावून आला आणि ज्याने काकांस सोडवले तो पुतण्याच होता. विठ्ठल सुंदर रणात पडला. पैलतीरावरून निजामअली हे सारे पाहत होता, पण पुरामुळे त्यास काही करता येईना.

या विठ्ठल सुंदरविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. हा निजामाचा दिवाण देशस्थ ब्राह्मण, दरबारात राजा प्रतापवंत म्हणून ओळखला जाणारा. नाटक-मालिकांत तो केवळ कारस्थानी म्हणून येतो आणि मरून जातो. कारस्थानी तो होताच. जानोजीस मोठ्या पदाची लालूच दाखवून पेशव्यांपासून फोडण्याचा डाव त्याचाच. पण आपल्या धन्याचे काम करताना तो धन्यासाठीच मेला, आणि धनी नदीच्या सुरक्षित तीरावर उभा होता. आमच्या मराठवाड्यातील कितीतरी कुळकर्णी-देशपांड्यांच्या घरांनी त्याच दरबाराच्या सनदा माथी लावून सात पिढ्या भाकर खाल्ली. तेव्हा या पात्राकडे पाहताना आमच्या घरांनी तरी फार मोठ्याने टाळ्या वाजवू नयेत. एकाच कुळातील दोन भाऊ दोन दरबारी, ही गोष्ट आमच्याकडे नवलाची नव्हती. आजही एक भाऊ एका पक्षात आणि दुसरा दुसऱ्या पक्षात असतोच. फक्त श्राद्धपक्षास दोघे एका पंक्तीस बसतात.

असो. काकांस वाचवल्यावर पुतण्याने काय केले? उपकाराचा उच्चार केला नाही. पण कारभार मात्र हाती घेतला. पटवर्धनांची समजूत घालून त्यांस परत आणले. काकांचा मान राहिला, मोहिमा राहिल्या. खजिन्याची किल्ली मात्र गेली. ही जी दोन गोष्टींतील फारकत माधवरावांनी केली, ती आमच्या कर्त्या पुरुषांस फार कठीण जाते. आम्ही मान काढतो आणि किल्ली तशीच राहू देतो! सणाच्या दिवशी काकांस पंक्तीत खाली बसवतो, लग्नपत्रिकेतील नाव एक ओळ खाली नेतो. आणि सातबाऱ्यावरील नोंदीबद्दल बोलावयाचे धाडस मात्र कोणी करीत नाही. दहा वर्षांनी तेच प्रकरण परतूरच्या तहसील कचेरीत जाते, आणि तेथे लग्नपत्रिकेचा सूड सातबाऱ्यावर उगवला जातो.

पुढची कथा सरळ नाही. दादासाहेबांनी राज्याची वाटणी मागितली. नाशिकजवळ आनंदवल्लीस काका-पुतणे भेटले, दादासाहेबांच्या कर्जाचा भार पेशव्यांनी उचलला, तह झाला. तो टिकला नाही. १७६८ साली दादासाहेबांनी धोडप किल्ल्याच्या आश्रयाने पुन्हा फौज जमवली. आळेगावी मान वाकवणारा पुतण्या या वेळी चालून गेला, त्याने काकांस धरले आणि पुण्यास आणून शनिवारवाड्यात पहाऱ्यात ठेवले. ज्यांच्या नावामागे अटक लागले होते त्यांच्या नशिबी ही दुसरी अटक आली.

आमच्या मते या साऱ्या कथेतील विचार करण्याजोगी जागा हीच होय. आळेगाव आणि धोडप यांत सहा वर्षांचे अंतर आहे. माणूस तोच, काका तेच, तक्रार तीच. वर्तन मात्र अगदी उलट. मालिका पाहून उठलेला प्रेक्षक यांपैकी स्वतःस सोयीचा तेवढा प्रसंग घेऊन घरी जातो. ज्यास भांडणाचा कंटाळा आहे तो आळेगाव सांगतो, ज्यास भांडावयाचेच आहे तो धोडप सांगतो. वास्तविक आळेगावी वाकला म्हणूनच धोडपास त्यास वाकवता आले. पहिल्या वेळी बाहेरचा शत्रू दारात होता आणि मुलाच्या शब्दास वजन नव्हते. दुसऱ्या वेळी शत्रू दूर होता, सरदारांनी सहा वर्षे त्याचा कारभार पाहिला होता, आणि तह मोडला तो कोणी हे सर्वांस दिसत होते. ज्या पुतण्याने आधी एकदाही मान वाकवलेली नाही, तो धोडपास निघाला तर त्याच्यामागे कोणी जात नाही. आणि जो आयुष्यभर आळेगावीच बसून राहतो त्याच्या मुलांस पुढे काय मिळते, हेही आपण आपल्या आळीत पाहतो.

या मुलास इतकी समज कोणी दिली, असे कोणी विचारील. थोडी त्याच्या प्रकृतीची, थोडी आईच्या धाकाची; आणि थोडी रामशास्त्र्यांची म्हणावी लागेल. माधवराव तरुणपणी जपजाप्यात फार वेळ घालवीत. एके दिवशी शास्त्रीबुवा कामास आले तो पेशवे ध्यानस्थ. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी काशीस जाण्याची रजा मागितली. आणि कारण विचारता सांगितले की, ब्राह्मणाचे स्नानसंध्येचे जीवन जगावयाचे असेल तर गादी सोडून आपणही गंगातीरी चलावे. गादीवर बसावयाचे असेल तर प्रजेची दाद हाच जप. माधवरावांनी ते मानले अशी आख्यायिका आहे. आमच्या वाचकवर्गास ही आख्यायिका विशेष उपयोगी आहे. घरात दोन सुनांचा किंवा दोन मुलांचा वाद पेटला की सोवळे नेसून देवघराचे दार लावून घेणारे कर्ते पुरुष आमच्या समाजात थोडे नाहीत. पूजा लांबते, अथर्वशीर्षाची आवर्तने वाढतात, आणि बाहेर स्वयंपाकघरात घर फुटत असते. त्यांच्या घरी रामशास्त्री नसतो. असलाच तर तो त्यांच्या पत्नीच्या रूपाने दाराबाहेर उभा असतो, आणि तिची रजा कोणी मंजूर करीत नाही.

माधवरावांस क्षयाने गाठले. शेवटचे दिवस थेऊरच्या चिंतामणीसमोर गेले. आपल्या इच्छा त्यांनी कलमवार लिहून ठेवल्या आणि कर्जफेडीची काळजी त्यांत आवर्जून वाहिली. सत्ताविसाव्या वर्षी मरणारा मनुष्य देणेकऱ्यांचा विचार करतो, हे विलक्षण आहे. काकांस बोलावून त्यांनी धाकट्या नारायणरावांस त्यांच्या हाती सोपवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी ते वारले. आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी, अवघ्या नऊ-साडेनऊ महिन्यांत, नारायणरावांचा शनिवारवाड्यात गारद्यांकडून खून झाला. रामशास्त्र्यांनी चौकशी करून दादासाहेबांस दोषी ठरवले आणि ते पुणे सोडून गेले.

म्हणजे माधवरावांच्या हयातीत जे घर एकत्र होते, ते माधवरावांच्या दराऱ्यावर एकत्र होते. काकांच्या मागणीचे काय करावयाचे, हा प्रश्न शेवटपर्यंत पहाऱ्यात ठेवलेला होता, सुटलेला नव्हता. थोर पुरुषावर दोष ठेवताना लेखणी अडखळते, तरी हे लिहिले पाहिजे. मृत्युशय्येवरून हातात हात देणे हे नाटकात फार हृदयंगम दिसते; पण ज्याचा हात दिला तो तरुण, ज्याच्या हाती दिला तो चार-पाच वर्षांचा कैदी, आणि दोघांमध्ये लिखित व्यवस्था अशी काय होती? आमच्या भागातील कितीतरी कुटुंबांत ‘आजोबा असेपर्यंत’ हा शब्दप्रयोग चालतो. आजोबा असेपर्यंत वाटणीचा विषय नको. आजोबा असेपर्यंत मळ्याचे नाव काढू नका. आजोबा बाराव्या दिवशी तसबिरीत जातात आणि तेराव्या दिवशी मोजणीदार येतो. जे आजोबा डोळ्यांदेखत चार माणसांसमोर कागद करून ठेवतात त्यांस गावात कठोर म्हणतात. त्यांच्या घरी मात्र पुढे दिवाळीस सारे भाऊ एकत्र जमलेले आम्ही पाहिले आहेत.

खुनाचा विषय निघाला की ‘ध चा मा’ आलाच. धरावे असे लिहिले होते, आनंदीबाईने मारावे केले, ही गोष्ट लोकांनी इतकी पक्की करून टाकली आहे की, पुराव्याची गरजच कोणास वाटत नाही. इतिहासाने ती तितकी पक्की केलेली नाही. हुकमाचे धनी दादासाहेब होते, शिक्षा सुनावली ती त्यांस. पण लोकांच्या तोंडी अक्षर बदलणारी बाईच राहिली. आमच्या घरांत हेच होते. चार भाऊ वेगळे होतात, तेव्हा भावांनी बांध मोजलेले असतात, भावांनी सह्या केलेल्या असतात. आणि गावात बोलले जाते ते एवढेच, की धाकटी आली आणि घर फुटले. ज्या घरात धाकटी सून नुकतीच आली आहे त्या घरातील वडील बायांनी तरी मालिकेतील आनंदीबाईवर बोटे मोडताना जरा इकडे-तिकडे पाहावे.

रमाबाईंविषयी लिहावयाचे तर त्या थेऊरास सती गेल्या, हे सांगावे लागते. मालिकेत तो प्रसंग ज्या भव्यतेने येतो त्याने डोळे भरतात, आणि भरावेत. परंतु पोरवयातील एका विधवेने चितेवर चढणे यातून आपल्या लेकीबाळींसाठी काही आदर्श काढणे आम्हास मान्य नाही. त्याचे दुःख करावे, इतकेच.

राहिल्या गोपिकाबाई. २०१४ साली मृणाल कुलकर्णी यांनी ‘रमा माधव’ हा बोलपट केला, तेव्हा एके काळच्या रमाबाई स्वतः गोपिकाबाईंच्या वेषात उभ्या राहिल्या. सुनेची भूमिका करणारी नटी सत्तावीस वर्षांनी सासूची भूमिका करते, यात रंगभूमीच्या दृष्टीने नवल नाही. घराच्या दृष्टीने तर मुळीच नाही. गोपिकाबाई नाटकांतून केवळ खाष्ट सासू आणि सत्तालोभी आई अशा दिसतात. त्यांचा स्वभाव करडा होता खरा; मुलाच्या कारभारात आपला शब्द चालेनासा झाला तेव्हा रुसून त्या नाशिककडे गंगापूरास जाऊन राहिल्या. पण याच बाईने पानिपतावर थोरला मुलगा गमावला, त्याच वर्षी पती गमावला, अकरा वर्षांनी माधवराव आणि त्यानंतर वर्षाच्या आत नारायणराव गमावले. आणि ती १७८८ पर्यंत जगली. नातू सवाई माधवराव मोठा होऊ लागला तेव्हा तिने त्यास एक पत्र लिहिले. कसे उठावे, स्नानसंध्या कशी करावी, अभ्यास कोणता करावा, वडील माणसांशी कसे वागावे, असे बारीकसारीक त्यात सांगितले आहे. कोणावर सूड घे असे त्यात नाही. मालिका लिहिणाऱ्यांस त्या पत्रात नाट्य दिसले नसावे. आम्हास ते पत्र थेऊरच्या प्रसंगाहून अधिक हलवून गेले.

सखारामबापू आणि नाना फडणीस या दोन पात्रांविषयी लिहावयाचे राहिलेच. घरातील कारकून, दिवाणजी, आणि हल्लीच्या काळात हिशेबनीस व वकील या वर्गाचा तो विषय असल्याने त्यास स्वतंत्र जागा हवी. पुढील मासी सवड झाल्यास पाहू.